कावीळ जुलैतली, पाणी जूनचं

पहिल्यांदा खटकलं ते चहाचं. मला सकाळी उठल्या उठल्या दोन कप लागतात, आलं घालून. त्या दिवशी एक घोट घेतला आणि कप बाजूला सारला. आई म्हणाली, "साखर कमी पडली का रे?" साखर बरोबर होती. मलाच चहाची शिसारी आली होती. जुलैचा तिसरा आठवडा, अंगात कणकण, बाहेर धो धो पाऊस. अशा दिवसांत ठाण्यात ताप नसलेलं घर शोधावं लागतं. व्हायरल असेल म्हणून पॅरासिटामॉल घेतली आणि वागळे इस्टेटला कामावर गेलो. असे तीन दिवस काढले. जेवण पुढ्यात आलं की मळमळायचं, जिना चढताना मांड्या भरून यायच्या.

चौथ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. उष्णता म्हणून सब्जा भिजवून प्यायलो. त्या संध्याकाळी बायको माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "इकडे खिडकीपाशी ये." आमच्या हॉलमधल्या पिवळ्या दिव्यात काही कळत नव्हतं. खिडकीत उजेडाकडे तोंड करून उभा राहिलो, तिने अंगठ्याने पापणी खाली ओढली आणि काही न बोलता चपला घातल्या.

फॅमिली डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली दाबलं, तसा मी कळवळलो. "साचलेल्या पाण्यातून चाललात का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पावसाळ्यात ठाणे स्टेशनाबाहेर न भिजता कोण चाललंय! त्यांच्या मनात लेप्टो होता, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणारा ताप, त्यातही कावीळ होते. म्हणून लेप्टो, मलेरिया, डेंग्यू आणि लिव्हरच्या तपासण्या एकदमच केल्या. रात्री मोबाइलवर रिपोर्ट आला. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला काविळीचा पिवळेपणा, ८.४; निरोगी माणसात ते जेमतेम १ च्या आसपास असतं. एसजीपीटी, लिव्हरची सूज दाखवणारा आकडा, जो चाळीसेक असावा, तो १,८४०. मी हिशेबाचा माणूस, मला वाटलं शून्य जास्त पडलंय.

दुसऱ्या दिवशी ज्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं त्यांनी आकड्यांकडे बघून भुवईसुद्धा हलवली नाही. म्हणाल्या, "आकडा मोठा आहे म्हणून घाबरू नका. लिव्हरच्या पेशींना सूज आहे, एवढंच तो सांगतो. लिव्हर काम करतंय की नाही ते हा सांगेल," आणि आयएनआर नावाच्या रक्त गोठण्याच्या तपासणीवर गोल केला. तो १.२ होता, म्हणजे काळजीचा नव्हता. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे नव्हते, नळी अडलेली नव्हती. मग चार विषाणूंच्या तपासण्या लिहून दिल्या: ए, बी, सी आणि ई. बी आणि सी रक्तातून पसरतात. ए आणि ई पोटात जातात ते तोंडावाटे, घाण मिसळलेल्या पाण्यातून आणि अन्नातून. ए आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे माझ्या वयाच्या माणसाला पावसाळ्यात कावीळ झाली की त्यांचा संशय आधी ईवर.

तसंच निघालं. हिपॅटायटिस ई, आयजीएम पॉझिटिव्ह. आयजीएम म्हणजे ताज्या संसर्गाची खूण. यावर नेमकं औषध नाही, बहुतेकांचं शरीर काही आठवड्यांत स्वतःच त्याला बाहेर काढतं, असं सांगून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "घरात कोणी गरोदर आहे?"

मी नाही म्हणालो. आई सत्तरीची, बायको चाळिशीची, मुलगा नऊ वर्षांचा. "मग ठीक," त्या म्हणाल्या. "हा आजार एरवी साधा, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत लिव्हर एकदम बसू शकतं. तेव्हा गाठला तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावतात."

रिक्षा गोखले रोडला सिग्नलला थांबली तेव्हा मला तिसऱ्या मजल्यावरची सून आठवली. सातवा महिना. डोहाळजेवणाचे पेढे आमच्या घरी येऊन गेले होते. रिक्षातूनच तिच्या सासऱ्यांना फोन लावला. "काका, वहिनींना आजपासून नळाचं पाणी देऊ नका. दात घासायलासुद्धा नाही. आणि उद्या त्यांची लिव्हरची तपासणी करून घ्या." काका गप्प. मग म्हणाले, "तुला झालीये ना कावीळ, मग पाण्याचं काय?"

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. काविळीचा दोष एव्हाना सगळ्यांनी तलावपाळीच्या पाणीपुरीला देऊन टाकला होता. आदल्याच रविवारी खाल्ली होती, मुलगा साक्षीला होता. आई तर त्या भैयाचा उद्धार करायला रोज नवा शब्द शोधत होती.

घरात पथ्यपाण्याची वेगळीच गडबड. हळद बंद, तेल बंद, तूप बंद, फक्त भात आणि चणे-कुरमुरे. मामेबहिणीने मुरबाडहून काविळीची माळ आणली. ही माळ काड्यांच्या तुकड्यांना सैल गाठी मारून करतात, डोक्यात घालायची, ती वाढत वाढत गळ्यात, मग पोटापर्यंत येते आणि उतरते तशी कावीळ उतरते म्हणतात. खरंच वाढली. काड्या वाळून बारीक झाल्या की गाठी सरकतात आणि दोरा मोकळा होतो. मी ती कपाटाच्या मुठीला अडकवली, तिथेही वाढली. आईला ते दाखवलं नाही. पण एक वैदू नाकात कडू थेंब टाकतो, "सगळं पिवळं बाहेर येतं", असं कळल्यावर मात्र बायकोने ठाम नाही म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: सुजलेल्या लिव्हरवर जडीबुटीचं ओझं नको, दारू नको, पॅरासिटामॉलही विचारल्याशिवाय नको. हळद-तेल बंद करण्याची गरज नाही, जे पोटात टिकेल ते थोडं थोडं खा. आणि रस्त्यावरचा उसाचा रस तर नकोच, त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा कोणाला ठाऊक!

माझी खरी औषधयोजना म्हणजे झोप. त्या पंधरा दिवसांत मी जितका झोपलो तितका लग्नानंतर झोपलो नसेन. अंगाला खाज सुटायची, ती वेगळीच. रात्री पाय खाजवून खाजवून ओरखडे. संध्याकाळी दिवा लावला की बायको विचारायची, "आज वार कोणता?" मी चिडायचो. नंतर कळलं, तिला ते काम डॉक्टरांनी दिलं होतं. माणूस भलतंच बोलू लागला, दिवसा गुंगीत राहिला, हिरड्यांतून रक्त आलं, तर रात्र असो की पाऊस, थेट हॉस्पिटल.

पहिल्या फेरतपासणीला मी पाणीपुरीची कबुली दिली. डॉक्टरीणबाई हसल्या. "मागच्या रविवारची? मग ती बिचारी निर्दोष आहे. हा विषाणू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. साधारण पाच-सहा. तुम्ही जूनमध्ये काय प्यायलात ते आठवा."

जूनमधलं काय आठवणार? पण आमच्या इमारतीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. पडल्या पडल्या मी अंगठ्याने वर वर जात राहिलो. गुड मॉर्निंगची फुलं, वटपौर्णिमेच्या शुभेच्छा, पार्किंगवरून दोघांची जुंपलेली. आणि मग १२ जून, सकाळी ७.१०. पहिल्या मजल्यावरच्या काकू: "पाण्याला वास येतोय का कुणाला?" खाली दोघांचं "हो". त्याखाली उत्तर: "पहिल्या पावसाचं गढूळ पाणी आहे, दोन दिवसांत निवळेल." शेवटी जोडलेले हात.

ते उत्तर माझं होतं. मी सोसायटीचा खजिनदार.

आता हे सांगायलाच हवं. आमची इमारत नौपाड्यातली, १९८४ ची, चार मजले, सोळा बिऱ्हाडं. गेली सहा वर्षं ती रीडेव्हलपमेंटला 'जाणारच' आहे. त्यामुळे कोणताही खर्च निघाला की एकच वाक्य: पाडायचीच आहे, कशाला पैसे घालता? एप्रिलमध्ये जमिनीखालची टाकी साफ करून भिंत तपासायचं साडेसात हजारांचं कोटेशन आलं होतं. ते पुढच्या मीटिंगवर ढकललं. ढकलणारा मीच. इतिवृत्तात नोंद आहे, माझ्याच अक्षरात.

मग मी बसून उलटे फोन लावले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून ताप कोणाकोणाला? चौथ्या मजल्यावरचा इंजिनीअर मुलगा, 'टायफॉइड' म्हणून सलाइन लावून घेत होता. तळमजल्यावरचे दोघे भाऊ. पहिल्या मजल्यावरच्या काकू. आणि आमचा वॉचमन, तो गावी निघून गेला होता, फोनवर म्हणाला, "साहेब, डोळे पिवळे झालेत." माझ्यासकट सहा. लहान मुलं मात्र ठणठणीत. मुलांना हा संसर्ग झाला तरी पुष्कळदा कावीळ दिसतच नाही, गाठतो तो तरण्याताठ्यांना.

आमच्याकडे फिल्टर आहे की, असं सगळेच म्हणाले. आमच्याकडेही आहे. पण चूळ नळाच्या पाण्याने, कोथिंबीर नळाखाली, आणि सोसायटीच्या ऑफिसातला माठ वॉचमन थेट टाकीवरच्या नळाने भरायचा. मीटिंगला मी त्याच माठातलं दोन ग्लास पाणी पितो.

महापालिकेच्या आरोग्य केंद्रात बायको जाऊन आली. माणसं आली तीही लगेच, हे सांगायला हवं. एका ताईंनी छोट्या काचेच्या नळीत पाणी घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले आणि नळी उजेडाकडे धरली. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर रंग पिवळा होतो. रस्त्यावरच्या मीटरजवळच्या नळाचं पाणी पिवळं झालं. टाकीतलं पांढरंच राहिलं. सगळ्या इमारतीचे डोळे पिवळे आणि पाणी तेवढं स्वच्छ पांढरं! म्हणजे पालिकेचं पाणी दारापर्यंत नीट येत होतं. आमच्या टाकीत असं काही होतं जे सगळं क्लोरीन खाऊन टाकत होतं. नमुना प्रयोगशाळेत गेला, शेरा आला: पिण्यास अयोग्य.

टाकी रिकामी केली त्या दिवशी मी खुर्ची टाकून खाली बसलो. प्लंबर मिस्त्रींनी बॅटरी घेऊन आत डोकं घातलं. मागच्या कोपऱ्यात भिंतीवर ओलीची एक रेघ. त्या भिंतीपलीकडे हातभर अंतरावर ड्रेनेजचं चेंबर. मिस्त्रींनी होळीचा उरलेला गुलाबी रंग मागवला, बादलीत कालवला आणि चेंबरमध्ये ओतला. आम्ही चहा मागवला. (मला लिंबूसरबत.) चाळीसेक मिनिटांनी आतून हाक आली. रेघ गुलाबी झाली होती.

चेंबरच्या जुन्या चिनी मातीच्या पाइपात पिंपळाची मुळं शिरली होती, पाइप फुटला होता. टाकी भरलेली असे तोवर पाण्याचा दाब भिंतीवर आतून. जूनमध्ये दुरुस्तीसाठी चोवीस तास पाणी बंद होतं, टाकी तळाला गेली आणि वरून पहिला पाऊस. चेंबर तुंबलं, दाब उलटा झाला. ग्रुपवरचा मेसेज त्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

माझी आत्या इचलकरंजीची. २०१२ मध्ये तिथे हीच साथ आली होती. ती फोनवर म्हणाली, "आमच्यात तर गल्लीच्या गल्ली पिवळी पडलेली." पडल्या पडल्या मीही वाचत होतो. १९५५-५६ ला दिल्लीत यमुनेच्या पाण्यात नाल्याचं पाणी घुसलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तो ई होता हे जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून कितीतरी वर्षांनी कळलं. १९८३ मध्ये बलायान नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेतला गाळलेला अर्क स्वतः पिऊन हा विषाणू शोधला. ते मी जेवताना वाचायला नको होतं. लसही आहे, पण ती चीनमध्ये. आपल्याकडे पाणी उकळणं हीच लस.

दुरुस्तीला ९४ हजार लागले. पाइप पीव्हीसीचा केला, चेंबर लांब नेलं, टाकीला आतून अस्तर. टाकी भरल्यावर टीसीएल, म्हणजे पाण्यात क्लोरीन सोडणारी ब्लीचिंग पावडर: हजार लिटरला पाच ग्रॅम, आमच्या वीस हजार लिटरला शंभर. आधी बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं आणि अर्धा तास नळ उघडायचा नाही. तोवर घरोघरी पाणी उकळत होतं. मी घरातलं वेगळं टॉयलेट वापरायचो, साबणाने हात धुवायचो आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकायचो नाही. शेवटचा नियम पाळणं मला फारसं जड गेलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा पहिला रिपोर्ट चांगला आला. पण दहा आठवड्यांचा हिशेब मला आता पाठ होता. टाकी बंद केली त्या दिवसापासून मोजलं तर मुदत थेट ऑक्टोबरात संपत होती आणि बाळंतपणाची तारीख सप्टेंबरअखेरची. त्या डोंबिवलीला माहेरी गेल्या, दर पंधरा दिवसांनी रक्त तपासलं. काका मला जिन्यात भेटले की रिपोर्टचा फोटो दाखवायचे, बोलायचे नाहीत. मीही बोलायचो नाही. माझं बिलिरुबिन ऑगस्टअखेर १.१ झालं, तेव्हा मी त्यांना ते सांगितलंसुद्धा नाही. सप्टेंबरच्या शेवटी मुलगी झाली. वहिनींचे ऑक्टोबरातले दोन्ही रिपोर्टही स्वच्छ आले. त्या दिवशी काका आमच्या दारात आले, पेढ्याचा पुडा आईच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "टाकीचं झाकण बसवलंस का रे नीट?"

वॉचमन परत आलाय. रोज सकाळी पंप लावायच्या आधी तो नळीत पाणी घेतो, थेंब टाकतो आणि खालून ओरडतो, "साहेब, पिवळं!" परवा त्याची हाक आली नाही. खाली गेलो. पाणीकपात होती म्हणून टँकर आलेला, पाइप टाकीपर्यंत ओढलेला. वॉचमनने नळी माझ्यापुढे धरली, पांढरी. टँकरवाला म्हणाला, "सगळीकडे हेच पाणी देतो साहेब, आजवर कोणाला काही झालं नाही." मी त्याला पाइप गुंडाळायला सांगितला.