ड्राफ्टआधीची वजाबाकी

शनिवार सकाळ, किचनर (कॅनडा)

या पोराला मी दुसऱ्या फेरीतच उचललं असतं. मला कोण विचारतंय म्हणा! पण जूनच्या शेवटी एनएचएलचा, म्हणजे वरच्या आइस हॉकी लीगचा, ड्राफ्ट होईल (संघ पाळीपाळीनं, फेरीमागून फेरी नवी पोरं निवडतात) तेव्हा ‘मी म्हणतच होते’ असं म्हणायला काहीतरी लेखी असलेलं बरं.

पोरगा काल इथल्या ऑडिटोरियमला आमच्या किचनर रेंजर्सविरुद्ध खेळून गेला. पाहुण्या संघाचा डावा विंगर, म्हणजे डाव्या कडेचा फॉरवर्ड. नाव लिहीत नाही, सतरा वर्षांचं लेकरू आहे आणि त्याच्याबद्दल आधीच पुष्कळ लोक पुष्कळ काही बोलताहेत. उंची 5 फूट 9 इंच, तीही कागदावरची. जानेवारीत स्काउटांची जी मधली यादी लागते तिच्यात तो बराच खाली होता.

निनादचं म्हणणं, यादी बरोबर आहे. त्याच्याकडे सगळ्या ओएचएलचे, म्हणजे या पोरांच्या ज्युनियर लीगचे, आकडे असतात, अभ्यासाचं वेळापत्रक तेवढं नसतं. “आई, बावीसच गोल आहेत त्याचे. याच वर्षी ड्राफ्टला येणाऱ्या त्या दुसऱ्या विंगरचे बघ, पस्तीस.” मी म्हटलं, जन्मतारखा बघ. बघितल्या. हा बावीसवाला ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातला, तो पस्तीसवाला आदल्या ऑक्टोबरमधला. दहा महिन्यांचा फरक! या वयात दहा महिन्यांत पोरं बूट दोनदा बदलतात.

ड्राफ्टची रेघ 15 सप्टेंबरला आहे. त्या तारखेपर्यंत अठरा पूर्ण होत असतील तर या वर्षी, नाहीतर पुढच्या. एनएचएलमधल्या ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म 17 सप्टेंबर 1997 चा. दोन दिवसांनी 2015 चा ड्राफ्ट हुकला, मग गडी झुरिकला जाऊन मोठ्या माणसांच्या लीगमध्ये एक मोसम खेळला आणि 2016 ला पहिल्या क्रमांकावर गेला. आपला बावीसवाला तीन आठवडे उशिरा जन्मला असता तर त्यालाही आणखी एक वर्ष मिळालं असतं, आणि पुढच्या फेब्रुवारीत निनादनं त्याचे गोल मोजून मला वेगळंच काहीतरी सांगितलं असतं.

वयाचं हे प्रकरण कॅनडात नवं नाही. इथं लहान मुलांचे गट जानेवारी ते डिसेंबर असे पडतात, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतली मुलं गटात अंगानं मोठी दिसतात, त्यांनाच चांगला संघ, चांगला कोच आणि बर्फावर जास्त वेळ मिळतो. रॉजर बार्न्स्ली या मानसशास्त्रज्ञानं हे 1985 मध्येच दाखवून दिलं होतं. मला त्याहून मजेशीर वाटतो तो 2013 चा अभ्यास, 1980 ते 2006 मधल्या ड्राफ्टचा. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या खेळाडूंना ज्या क्रमांकावर घेतलं गेलं, त्या मानानं त्यांची पुढची कारकीर्द सरस निघाली. म्हणजे वर्षानुवर्षं संघ त्यांना स्वस्तात मिळवत होते, आणि तरी पुढच्या वर्षी पुन्हा तीच चूक. लाखो डॉलर पगारावर माणसं ठेवून!

आता कालचं. स्कोअरशीटवर त्याच्या नावावर तीन गुण लागले, दोन गोल आणि एक असिस्ट (गोलाला हातभार लावणारा पास). निनाद जरा नरमला, पण मला त्या तिन्हींचं काही वाटलं नाही. पहिला गोल पॉवर प्लेवर (समोरचा एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असताना), डाव्या सर्कलमध्ये मोकळा उभा, समोरून आडवा पास, मारला. ज्युनियरचा गोली या पोस्टवरून त्या पोस्टवर पोहोचेपर्यंत पक (रबरी चकती) आत. वरच्या लीगमध्ये गोली तिथं आधीच येऊन बसलेला असतो. दुसरा गोल शेवटच्या मिनिटाला, समोरच्यांनी जादा खेळाडूसाठी गोली काढून घेतल्यावर, रिकाम्या जाळ्यात. असिस्ट दुसरा, म्हणजे पासच्या आधीचा पास, आणि तोही साधा मागं टाकलेला. ज्युनियर फॉरवर्ड बघायचा म्हणजे मुख्यतः वजाबाकी करायची. त्याच्या गुणांतून पॉवर प्लेचे किती, जोडीदारामुळं किती, नुसत्या वयामुळं आणि अंगामुळं किती, ते काढत जायचं आणि खाली काय उरतं ते बघायचं. कालच्या हिशेबात खाली शून्य उरलं.

मग दुसऱ्या फेरीत कशाला? तर दुसऱ्या पीरियडमधली एक शिफ्ट (बर्फावरची एक छोटी पाळी), जिची कुठल्याच कागदावर नोंद नाही.

त्याचा संघ एका गोलनं पुढं आणि स्वतःच्या झोनमध्ये अडकलेला. गोलीच्या मागून एकानं पक बोर्डाला, म्हणजे मैदानाभोवतीच्या भिंतीला, लावून सोडला, तो कडेकडेनं घरंगळत याच्याकडं येतोय. रेंजर्सचा बचावपटू ब्लू लाइन (झोनची हद्द) सोडून थेट याच्या अंगावर निघालेला, याच्यापेक्षा वीतभर उंच. विंगरच्या नोकरीतलं सगळ्यात नकोसं काम हे. बहुतेक पोरं इथं पकाकडं डोळे लावून उभी राहतात, धडक खातात आणि पक तिथंच सांडतो. यानं पक पोहोचायच्या आत दोनदा मान वळवली. एकदा खांद्यावरून मागं, एकदा मध्ये, सेंटर (मधला फॉरवर्ड) कुठं आहे ते बघायला. मग पाठ बोर्डाकडं न ठेवता कंबर किंचित फिरवून घेतली, पक स्टिकनं न अडवता स्केटवर घेतला, आणि बचावपटूचं वजन पाठीवर येऊ दिलं. येऊ दिलं म्हणजे त्याची वाटच बघितली. तो टेकला तसा हा त्याच्याच जोरावर अर्धा वळला आणि बॅकहँडनं पक बोर्डाला टेकवून मध्ये सेंटरच्या पुढ्यात. सगळं मिळून दीड-दोन सेकंद. पुढं त्या हल्ल्यात गोल झाला नाही, शॉटसुद्धा धड नव्हता. प्रेक्षक पॉपकॉर्न खात होते.

तेच त्यानं तिसऱ्या पीरियडमध्ये पुन्हा केलं, तेव्हा मी निनादला कोपरानं ढोसलं. तो फोनमध्ये दुसरा स्कोअर बघत होता.

यातून वजा करायला काही नाही. हे अंगामुळं नाही, जोडीदारामुळं नाही, वयामुळं तर नाहीच. आणि नेमकं हेच जमत नाही म्हणून कितीतरी पन्नास गोलवाले वर जाऊन चौथ्या लाइनवर, म्हणजे सगळ्यात कमी खेळणाऱ्या फळीत, कुजतात.

उंचीचं मात्र मला कळत नाही. वजाबाकी करावी, पण एकच रक्कम दोनदा कशी वजा करता? उंची कमी म्हणून मार्क कापायचे, मग ‘कमी उंचीमुळं वर जमणार नाही’ म्हणून त्याचे गोलही कापायचे. अलेक्स डिब्रिंकटचं हेच झालं. 5 फूट 7 इंच. ओएचएलच्या एरी ऑटर्सकडून पहिल्याच मोसमात 51 गोल, तर लोक म्हणाले, कॉनर मॅकडेव्हिड शेजारी असल्यावर कोण नाही करणार. मॅकडेव्हिड वर, एनएचएलच्या एडमंटनला गेला. यानं पुन्हा 51 केले. तरी 2016 ला 38 नावं पुकारून झाल्यावर शिकागोनं त्याला घेतलं, आणि तिसऱ्याच मोसमानंतर, म्हणजे एरीत 65 गोल ठोकून, तो वर गेला तो पहिल्या वर्षी 28 गोल करूनच थांबला. (हेही लिहायला हवं की तो डिसेंबरचा, त्याच्या ड्राफ्टमधल्या मोठ्यांपैकी. म्हणजे वयाची वजाबाकी त्याला खरोखर लागू होती. तीसुद्धा पचवून उरला.)

खुद्द किचनरचं उदाहरण जेफ स्किनर. 2009-10 मध्ये रेंजर्सकडून 50 गोल, वय सतरा, लहानपणी फिगर स्केटिंग केलेलं, त्यामुळं स्केटच्या कडांवर असा काही वळायचा की समोरचा उलट्या बाजूला निघून जायचा. कॅरोलायनानं सातव्या क्रमांकावर घेतला, अठराव्या वर्षी एनएचएलमध्ये 31 गोल आणि वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी. आमच्याकडं हॉकी म्हटलं की खडकी आणि धनराज पिल्ले. तिथल्या कुणाला मी कधी उंची विचारलेली आठवत नाही.

उलट बाजूला नेल याकुपोव्ह. ओएचएलमध्ये सार्नियाकडून पहिल्याच वर्षी 49 गोल, 2012 ला पहिला क्रमांक, आणि एनएचएलची सगळी कारकीर्द मिळून 62. पाय होते, शॉट होता. पक नसताना कुठं उभं राहायचं हे शेवटपर्यंत जमलं नाही, असं माझं मत.

जूनच्या सुरुवातीला बफलोत ड्राफ्टला येणाऱ्या पोरांच्या चाचण्या होतात, सायकल, लांब उडी, पुल-अप्स, मुलाखती. बर्फावर एकही नाही! 2014 मध्ये सॅम बेनेटला एकही पुल-अप निघाला नाही म्हणून केवढी चर्चा झाली होती. 2025 च्या प्लेऑफमध्ये सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी त्यालाच मिळाली. पुल-अप्सचं पुढं काय झालं कोण जाणे.

पोराचं कौतुक फार झालं, तेव्हा खोटही लिहिते. काल ब्लू लाइन ओलांडताना दर वेळी त्यानं बाहेरचा रस्ता धरला, बोर्डाच्या कडेनं. ज्युनियरमधले बचावपटू त्याच्या वेगाला घाबरून मागं सरतात म्हणून ते खपतं. वर कुणी सरणार नाही. त्याला कोपऱ्यात नेऊन ठेवतील आणि शांतपणे पक काढून घेतील. पहिली तीन पावलं चांगली आहेत, पण आत घुसायची तयारी आहे की नाही ते काही कालच्या मॅचमधून कळलं नाही. तेवढ्यासाठीच पहिली फेरी म्हणत नाही.

उद्या त्यांची मॅच ग्वेल्फला आहे, गाडीनं अर्धा तास. निनाद येतो म्हणालाय, पेट्रोल माझं आणि डोनट त्याचे या अटीवर. डाव्या कडेनं आला की आत वळतो का, एवढंच बघणार आहे, आणि निनादला फोन गाडीतच ठेवायला लावणार आहे.