सुपर बिल्टअप ८२५, कार्पेट ६६७

१५ जून २०२४, शनिवार

साडेदहाला सासूबाईंची शेवटची मालिका संपली, टीव्ही माझ्या ताब्यात आला आणि प्लेस्टेशन ५ (पीएस५) या सोनीच्या गेम कन्सोलने जागा नाही म्हणून हात वर केले. नव्या गेमला हवे होते ९६ जीबी, शिल्लक ४१. दीड वर्षं मी ‘एक उडवायचा, एक टाकायचा’ यावरच निभावत आलेय, पण आज उडवण्यासारखं काही सापडेना. चिरंजीवांचा फुटबॉल उडवला तर घरात बंड. गाड्यांची शर्यत नवऱ्याची. तो महिन्यातून एकदा खेळतो, पण आपण उडवलं की नेमकं दुसऱ्या दिवशी त्याला गाडी चालवायची असते.

म्हणून ही नोंदवही. पीएस५ ची जागा वाढवायला ठाण्यात बसून खरंच किती पैसे जातात, ते पैशापैशाने लिहून काढायचं ठरवलंय.

आधी मूळ जागेचं बघू. ठाणेकरांना हे समजावून सांगायला नको: खोक्यावर ८२५ जीबी, सेटिंगमध्ये ६६७. सुपर बिल्टअप आणि कार्पेट. उरलेली जागा जिना, लिफ्ट आणि लॉबीत, म्हणजे सिस्टिमच्या कामात जाते. मात्र ८२५ हा आकडा अगदीच कुठून तरी आणलेला नाही. यातल्या एसएसडीचा, म्हणजे चिपवरच्या साठवणीचा, कंट्रोलर १२ चॅनेलचा आहे, प्रत्येक चॅनेलला ६४ जीबी, एकूण ७६८. हे झाले १०२४ च्या हिशेबातले. तेच १००० च्या हिशेबात मांडले की ८२५ होतात. आणि हा सगळा ऐवज मदरबोर्डवरच सोल्डर केलेला आहे, तो काढून मोठा बसवता येत नाही. पीएस३ आणि पीएस४ मध्ये लॅपटॉपची साधी हार्ड डिस्क बदलता यायची. ते दिवस गेले.

ऑफिसात एकीने विचारलं, “तू तर गेमची डिस्क विकत घेतेस, मग जागा कशाला लागते?” हा गैरसमज बऱ्याच जणांचा आहे. डिस्कवरचा गेम चालायला अख्खाच्या अख्खा आत कॉपी व्हावा लागतो, वर अपडेट येतं ते वेगळं. डिस्क ही फक्त गेटपास. तिचा खरा फायदा एकच, गेम संपला की विकता येते.

२२ जून, चौथा शनिवार

बँकेला सुट्टी. आज फुकटचा उपाय करून बघितला: जुनी यूएसबी हार्ड डिस्क.

कपाटात दोन सापडल्या, दोन्ही काळ्या, दोन्ही १ टीबी. एक जोडली. पुढच्या चपट्या पोर्टला कन्सोल ती घेईना, कारण तो पोर्ट यूएसबी २ आहे. मागच्या बाजूला लावल्यावर दिसली आणि फॉरमॅट करू का विचारलं. बोट बटणावर होतं. म्हटलं, एकदा लॅपटॉपला लावून आत काय आहे ते बघावं. आत आमच्या लग्नाचं शूटिंग होतं. अख्खं, न कापलेलं, हळदीपासून. दुसरी प्रत कुठेही नाही. आता त्या डिस्कवर मार्करने मोठ्ठं ‘लग्न’ लिहिलंय.

दुसरी रिकामी होती. तिच्यावर ८४ जीबीचा गेम हलवायला १७ मिनिटं, परत आत आणायला १५. वाईट नाही. पण ही जागा म्हणजे माळा. पीएस५ चा गेम तिथे ठेवता येतो, तिथून खेळता येत नाही. खेळायचं तर शिडी लावून खाली उतरवा. ठेवण्याचीही सोय कन्सोल आल्यावर काही महिन्यांनी, एप्रिल २०२१ च्या अपडेटमध्ये मिळाली. पीएस४ चे गेम मात्र माळ्यावरूनच चालतात. माझे असे सहा होते, ते सगळे वर टाकले. एका दमात १९० जीबी मोकळे, खर्च शून्य.

तुमच्याकडे पीएस४ चे जुने गेम भरपूर असतील तर इथेच थांबा, पुढचं वाचून खिशाला चाट लावून घेऊ नका.

शोधता शोधता अजून एक चोर सापडला: ३४ जीबीच्या व्हिडिओ क्लिप. चिरंजीवांनी मारलेला प्रत्येक गोल जपून ठेवलाय. ऑफसाइडवालेसुद्धा.

२९ जून

१९० पैकी १५० भरले. आठवडासुद्धा टिकले नाहीत.

आज दुसरा हिशेब केला. सहा महिन्यांत मी अकरा वेळा उडवलेले गेम परत उतरवलेत. ब्रॉडबँड १०० एमबीपीएसचं, महिन्याच्या डेटाची मर्यादा आम्ही कधी गाठत नाही, म्हणजे पैशात खर्च शून्य. ९६ जीबीला कागदावर सव्वादोन तास. प्रत्यक्षात तीन लागतात, कारण त्याच लाइनवर घर पण चालतं. माझा खेळायचा वेळ आठवड्याला चार-पाच तास, तोही रात्रीचा. त्यातला शनिवार डाऊनलोडची पट्टी बघण्यात गेला की आठवडा गेला. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांना जागा विकत घ्यायची गरज नाही, हे मी मनापासून सांगते. मला नाही म्हणून मी पैसे मोजणार.

गेम उडवला की सेव्ह (म्हणजे खेळातली आपली प्रगती) पण जातं, या भीतीने काहीजण काही उडवतच नाहीत. जात नाही. सेव्ह वेगळं राहतं, कन्सोलच्या आतच.

१३ जुलै, दुसरा शनिवार

लॅमिंग्टन रोड, मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. कन्सोलच्या आतल्या जादा खाचेत बसणारा एसएसडी ड्राइव्ह बघायचा होता. रविवारी तिथे बरीचशी दुकानं बंद, त्यामुळे बँकवाल्यांना हे दोनच शनिवार. ठाण्याहून फास्टने दादर, पूल चढून पलीकडे, मग स्लोने ग्रँट रोड. पावसात छत्री, पर्स आणि वहीत उतरवलेली यादी.

यादी इथेही देते, दुकानात हीच कामाला आली. एम.२ एनव्हीएमई (ड्राइव्हचा प्रकार), पीसीआयई जेन ४ (जोडणीची पिढी), वाचायचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त. आकार शक्यतो २२८०, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) हवाच, आणि हीटसिंक धरून एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत. क्षमता ८ टीबीपर्यंत चालते. आधी ४ पर्यंत होती, सप्टेंबर २०२३ मध्ये वाढली.

पहिल्याच दुकानातल्या मुलाने एक कांडी पुढे केली. १ टीबी, भाव इतका कमी की मीच चपापले.

“ताई, एम.२ म्हणजे एम.२. बसणार.”

“बसेल हो. पण याला दोन खाचा आहेत. हा साटा ना?”

त्याने पाकीट उलटून बघितलं. साटाच होता, म्हणजे जुन्या, संथ जोडणीचा. पीएस५ मध्ये साटा चालत नाही. तो मुलगा लबाड नव्हता, त्याच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ गिऱ्हाइकांना लॅपटॉपसाठीच हवा असतो. पण घरी आणून मग कळलं असतं तर? कांडीच्या टोकाला एकच खाच आहे ना, एवढं बघाच. आणि एक खाच दिसली तरी पाकिटावर जेन ४ लिहिलंय का, तेही वाचा.

चार दुकानांचे भाव, जीएसटी धरून, हीटसिंक सोडून: १ टीबी ७,४०० च्या आसपास, २ टीबी १३,८०० ते १५,०००, ४ टीबी एकाच ठिकाणी होता, २९,०००. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, भाव आठवड्याला हलतात. गेल्या उन्हाळ्यात हेच बरेच खाली होते, २०२३ मध्ये फ्लॅश मेमरीचा बाजार पडला होता. मग कंपन्यांनी उत्पादन कमी केलं आणि भाव चढले. तेव्हा मी ‘अजून पडतील’ म्हणत बसले होते. सोन्याच्या बाबतीत माझ्या आईने आयुष्यभर हेच केलं.

काही न घेता परत आले. येताना दादरला वडापाव, तो हिशेबात धरलेला नाही.

२१ जुलै

सेलमध्ये २ टीबी १३,२९९ ला मिळाला. घेतला.

त्याहून हजार-दीड हजाराने स्वस्त पण एक होता. तो सोडला, कारण त्यात स्वतःची डीरॅम (कामापुरती वेगवान मेमरी) नाही. असे ड्राइव्ह काँप्युटरची थोडी मेमरी उसनी घेऊन काम भागवतात. पीएस५ ही उसनवारी देत नाही. चालतात तेही, अनेकांकडे चालतायत, फक्त वेगावर थोडा परिणाम होऊ शकतो असं सोनीच सांगते. ज्यांना हजार रुपये वाचवायचेत त्यांनी खुशाल घ्यावा. मी बँकेत असल्यामुळे उसनवारीच्या जोरावर चालणाऱ्यांवर माझा विश्वास कमी आहे, इतकंच.

नवऱ्याने सुचवलं, “नवीन स्लिम आलाय ना, १ टीबीचा. तोच घे की.” एप्रिलमध्ये तो ५४,९९० ला आलाय. खोक्यावरचे १७५ जीबी वाढवायला पंचावन्न हजार. मी फक्त बघितलं त्याच्याकडे.

त्याच्या मित्राकडे एक्सबॉक्स सीरिज एस आहे. ५१२ चा, हाताला ३६४. त्याला मागच्या खाचेत कार्ड खुपसायचं, पाच सेकंदांत काम. पण कार्ड त्यांच्याच घडणीचं लागतं. २०२० मध्ये सीगेटचं १ टीबी अमेरिकेत २२० डॉलरला आलं, आणि २०२३ मध्ये डब्ल्यूडी येईपर्यंत दुसरा विक्रेताच नव्हता. सोय त्यांची चांगली, पण किंमत ठरवणारा एकच असला की काय होतं ते सोनीच्या व्हीटा या हातातल्या कन्सोलचं मेमरी कार्ड घेतलेल्यांना विचारा, ३२ जीबीला १०० डॉलर. माझा ड्राइव्ह उद्या काढून लॅपटॉपला लावता येईल, हा माझ्या लेखी मोठा मुद्दा.

२८ जुलै, रविवार

बसवला. पण आधी हीटसिंकची कथा.

पहिला मागवला तो देखणा होता, काळा, पंखांचा. चिरंजीवांच्या कंपासपेटीतली पट्टी लावली: १४ मिलिमीटर. परत पाठवला. दुसरा ६४९ चा, चपटा, ड्राइव्ह धरून दहाच्या आत.

डायनिंग टेबलावर जुनी चादर. स्टँडचा स्क्रू काढला, कन्सोल आडवा केला. झाकणाचे कोपरे किंचित उचलून सरकवायचे, असं सगळे अगदी सहज सांगतात. तो जो कडाक् आवाज येतो ना, त्याला ५० हजार मोडल्यासारखंच वाटतं. काही मोडत नाही. आत पंख्याजवळ एक लांबट पत्र्याचं झाकण, त्याला एक स्क्रू. इथे चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर कामाचा नाही, डोकं झिजतं. नौपाड्यातून १२० चा बरा आणला.

खाचेत ३०, ४२, ६०, ८०, ११० असे आकडे आहेत. एक छोटीशी रिंग आणि स्क्रू आधीपासून ११० वर असतात, ते काढून रिंग ८० वर ठेवायची, ड्राइव्ह तिरका खुपसून हळूच दाबायचा, स्क्रू. झालं. रिंग तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी असेल. वाटीत ठेवा.

सासूबाई भाजी निवडत बघत होत्या. “एवढासा तुकडा तेरा हजाराला? सोनं आहे का त्यात?”

“आहे थोडं. ते टोकाचे पिवळे दात दिसतात ना, त्याला मुलामा असतो.”

त्यांनी चष्मा पुसून नीट बघितलं. “मोडीत देताना वजन करून दे.”

सगळं बंद करून चादर झटकली आणि कचऱ्याकडे लक्ष गेलं. ड्राइव्ह आणि हीटसिंकच्या मधल्या थर्मल पॅडला दोन्ही बाजूंनी फिल्म असते. कचऱ्यात एकच होती. मुकाट्याने परत उघडलं, हीटसिंक सोडवला, तर पॅडच्या वरच्या अंगाला निळी फिल्म तशीच चिकटलेली. प्लॅस्टिक मध्ये ठेवून उष्णता बाहेर काढायला निघाले होते. फिल्म मोजून कचऱ्यात टाका.

चालू केल्यावर फॉरमॅट विचारतो, मग स्वतःच वेग मोजून दाखवतो: ६,४१२. एक ८४ जीबीचा गेम आतून नव्या जागेत हलवून बघितला. माळ्यावर जायला १७ मिनिटं लागली होती, इथे दीड मिनिटात हलला. चहा गाळेपर्यंत काम झालं.

१५ ऑगस्ट

हिशेब. ड्राइव्ह १३,२९९, हीटसिंक ६४९, स्क्रूड्रायव्हर १२०. एकूण १४,०६८. जीबीला सात रुपये. लॅमिंग्टनच्या भावाने १ टीबी याच सामानासकट ८,१६९ पडला असता, म्हणजे जीबीला आठच्या वर. ४ टीबी साडेसातच्या जरा खाली. आत्ताच्या भावात २ टीबी मधला आणि तोच स्वस्त.

जीबीला सात रुपये धरले की गेमकडे बघायची नजर बदलते. ४,९९९ चा नवा गेम १०० जीबीचा असेल तर त्याची खोली ७०० रुपयांची. पूर्वी हार्ड डिस्कवर पटापट सापडावं म्हणून एकच सामान जागोजागी कॉपी करून ठेवायचे. पीएस५ चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० च्या भाषणात सांगितलं होतं की २०१८ च्या स्पायडरमॅन गेममध्ये काही डेटा ४०० वेळा ठेवलेला होता. एसएसडीमुळे ते बंद होऊन गेम आटोपशीर होतील असं वाटलं होतं. काही झालेही. बाकीच्यांनी मोकळी झालेली जागा बारीक नक्षीने भरून टाकली.

सध्या: नवीन २ टीबीत ८९० शिल्लक, जुन्या ६६७ त १२०. गेले अठरा दिवस एकही गेम उडवलेला नाही. नवऱ्याची गाडी जागेवर आहे, त्याने अजून हात लावलेला नाही. खोलीत एसी नसताना तीन तास सलग खेळले, गरम झाल्याची तक्रार कन्सोलने केली नाही. खरी परीक्षा मे महिन्यात, तेव्हा झाकण उघडून धूळही बघेन.

गोलांच्या क्लिप ३४ वरून ५२ जीबी झाल्यात. सात रुपयांनी ३६४ होतात, ते चिरंजीवांच्या खाऊच्या पैशातून वळते करायचा प्रस्ताव आज जेवताना मांडला. फेटाळला गेला.