‘दहा वर्षांनंतर’ ही पाटी का पुरत नाही: गेममधला काळ

पडदा काळा होतो, पांढऱ्या अक्षरांत ‘दहा वर्षांनंतर’ असं उमटतं आणि पुढच्या दृश्यात नायकाच्या कानशिलावर चार पांढरे केस दिसतात. कथा असलेल्या गेममध्ये काळ पुढे सरकवायची ही सगळ्यात स्वस्त पद्धत. तिनं दहा वर्षं गेल्याचं कळतं, पण जाणवत नाही, कारण त्या दहा वर्षांआधीचं काहीच खेळणाऱ्यानं हाताळलेलं नसतं. सिनेमा बघणाऱ्याला चेहरा पुरतो. खेळणाऱ्याचं तसं नाही. जी वस्तू त्यानं उचलली, जी वाट तो रोज चालला, जे बटण सवयीनं दाबलं, तेच बदललेलं सापडलं की काळ गेला हे त्याला पटतं. आकाश, घड्याळ, कॅलेंडर ही सगळी नंतरची मंडळी.

याचं सगळ्यात चोख उदाहरण म्हणजे 2021 चा ‘अनपॅकिंग’. ऑस्ट्रेलियातल्या विच बीम या छोट्या स्टुडिओचा हा गेम. खोक्यांतलं सामान काढून घरात लावायचं, एवढंच काम. 1997 मधली लहान मुलीची खोली, मग 2004, 2007, 2010 असं करत 2018 पर्यंत एकाच बाईची आठ घरांतरं. माणूस एकही दिसत नाही. 2010 मध्ये ती जोडीदाराच्या घरी राहायला जाते. चौकटीत बसवलेलं तिचं पदवीचं प्रमाणपत्र खोक्यातून निघतं आणि टांगायला भिंत नसते, सगळीकडे त्याच्याच वस्तू. चुकीच्या जागी ठेवलं की भोवती लाल रेघ येते. शेवटी ते पलंगाखाली सरकवावं लागतं, तेव्हा कुठे गेम पुढे जातो. 2012 चं सामान पुन्हा लहानपणीच्या खोलीत उघडतं. मधल्या दोन वर्षांत काय झालं हे कोणी सांगत नाही आणि सांगायची गरजही उरत नाही. ते प्रमाणपत्र पलंगाखाली आपणच ढकललेलं असतं.

हीच युक्ती मोठ्या गेममध्येही आहे. 1998 च्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’मध्ये नायक तलवार उपसतो आणि सात वर्षं उलटतात. गजबजलेला बाजार तोच, पण आता तिथे भकास अवशेष आणि चालती प्रेतं. लहानपणी त्या चौकात खरेदी आणि उनाडक्या करायला मिळाल्या, म्हणून ते बोचतं. 2004 च्या ‘हाफ लाइफ 2’मध्ये तर फक्त एक आठवडा जातो. यंत्रातून नायक क्षणात पलीकडे पोचतो, त्याच ओळखीच्या प्रयोगशाळेत, पण बाहेर सात दिवस उलटलेले असतात. ज्या शहरात सुरुवातीला पोलिसांपुढे निमूट चालावं लागलं, तिथे आता उठाव पेटलेला असतो. सातच दिवस, पण कुठल्याही ‘वीस वर्षांनंतर’पेक्षा जास्त जाणवतात.

आता घड्याळाकडे वळू, कारण बहुतेक नवे विकसक सुरुवात तिथूनच करतात. खऱ्या किती मिनिटांत गेमचा एक दिवस बसवायचा, हा पहिला निर्णय. माइनक्राफ्टमध्ये 20 मिनिटं, ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये 24, ‘जीटीए 5’मध्ये 48. स्कायरिममध्ये काळाचा वेग मुळात 20 पट ठेवलेला आहे, म्हणजे दिवस 72 मिनिटांचा. ‘स्टारड्यू व्हॅली’त दहा मिनिटं साधारण सात सेकंदांत संपतात, त्यामुळे सकाळी सहा ते रात्री दोन हा दिवस जेमतेम चौदा मिनिटांचा होतो आणि 28 दिवसांचा एक ऋतू.

हे आकडे हवेतून येत नाहीत. खेळणाऱ्याच्या एका कामाला किती वेळ लागतो, त्यावरून ते ठरतात. शेतीच्या गेममध्ये पाणी घालून, गावात एक चक्कर मारून परत यायला दिवस अपुरा पडायला हवा, तरच ‘आज काय सोडायचं’ हा प्रश्न उभा राहतो. भटकंतीच्या गेममध्ये उलट. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना तीनदा रात्र झाली तर नकाशा मोठा न वाटता सूर्यच वेडा वाटतो.

आणि सूर्य खरंच वेडा दिसतो. वीस मिनिटांच्या दिवसात तो सेकंदाला 0.3 अंश सरकतो. खरा सूर्य मिनिटाला 0.25 अंश. एवढ्या वेगानं सावल्या जमिनीवर सरपटताना दिसतात आणि त्यांच्या कडा थरथरतात. उपाय असा की घड्याळ सलग चालू द्यायचं, पण प्रकाशाची दिशा ठराविक टप्प्यांनी बदलायची, तीही शक्यतो कॅमेरा हलत असताना. हलत्या चित्रात तो धक्का कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी नेहमीची गडबड झोपेची. खेळणारा आठ तास झोपला, तर गावातला दुकानदार सकाळी कुठे असेल? त्याला पावलापावलानं चालवत नेणारा कोड लिहिला असेल, तर तो रस्त्याच्या मधोमध अडकलेला सापडतो. प्रत्येक पात्राचं ‘वेळ सांग, जागा सांगतो’ असं कोष्टक ठेवावं. चालणं फक्त खेळणाऱ्याच्या नजरेसमोर दाखवायचं.

तिसरी गडबड छुपी असते, म्हणून ती सविस्तर सांगतो. पुष्कळ जण गेमची एकूण वेळ 32 बिटांच्या दशांश संख्येत (फ्लोट) सेकंदांनी साठवतात आणि प्रत्येक फ्रेमला, म्हणजे सेकंदाला दाखवल्या जाणाऱ्या 60 चित्रांपैकी प्रत्येकाला, त्यात 1/60 मिळवतात. चाचणीत सगळं ठीक चालतं. पण अशा संख्येला 24 बिटांचीच अचूकता असते. बेरीज 1,31,072 सेकंदांवर, म्हणजे सुमारे 36 तास 24 मिनिटांवर गेली की तिचा लहानात लहान टप्पा 1/64 सेकंद होतो. मिळवलेला 1/60 गोल होऊन 1/64 होतो आणि घड्याळ सहा टक्के हळू चालतं. बेरीज 72 तास 49 मिनिटांवर गेली की टप्पा 1/32 चा होतो. आता तोच 1/60 वाढून 1/32 होतो आणि घड्याळ जवळपास दुप्पट वेगानं धावतं. बेरीज 145 तास 38 मिनिटांवर गेली की टप्पा 1/16 चा, 1/60 शून्यात जमा, घड्याळ ठप्प. दीडशे तास खेळणारा तुमचा सगळ्यात निष्ठावान खेळाडू, आणि त्याच्याच जगात सूर्य थांबतो. त्यामुळे वेळ पूर्णांकात मोजा: टिक (गेमच्या घड्याळाचा एक ठोका) किंवा मिनिटं पूर्णांकात, उरलेला अंश वेगळ्या छोट्या संख्येत.

खऱ्या घड्याळावर चालणाऱ्या गेमची दुखणी वेगळी. ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’मध्ये महिनाभर फिरकलं नाही तर गावात तण माजतं आणि शेजारी कुठे होतात म्हणून विचारतात. ही गैरहजेरीची किंमत मला फार आवडते. मात्र यंत्राची तारीख बदलता येते, हे आधीच गृहीत धरावं. सेव्हमध्ये (साठवलेल्या खेळात) वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत साठवा, आणि आताची वेळ साठवलेल्या वेळेच्या मागे निघाली तर फरक शून्य धरा. नाहीतर झाडांचं वय उणे होतं. भारताची वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. फरक पूर्ण तासांतच असतो असं धरून लिहिलेला कोड इथे अर्धा तास चुकतो, आणि यूटीसीच्या मध्यरात्री बदलणारा ‘नवा दिवस’ पुण्यात पहाटे साडेपाचला उजाडतो. तारखेच्या या पळवाटेचा मुद्दाम उपयोग ‘मेटल गिअर सॉलिड 3’नं केला. तिथल्या म्हाताऱ्या नेमबाजाशी लढत असताना सेव्ह करून तारीख आठवडाभर पुढे नेली, की तो वयानंच मेलेला सापडतो.

घड्याळाशिवायही काळ दाखवता येतो, आणि बहुतेक वेळा तो जास्त चांगला दिसतो. 2019 च्या ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये सूर्याचा स्फोट होऊन 22 मिनिटांचं चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, पण पडद्यावर घड्याळ नाही. दोन जुळ्या ग्रहांपैकी एकावरची वाळू दुसऱ्यावर ओतली जाते. एकीकडे गुहा बुजतात, दुसरीकडे मनोरे उघडे पडतात. थोड्याच वेळात खेळणारा वाळूची उंची बघून किती मिनिटं उरली ते सांगू लागतो. त्याच वर्षीच्या ‘डिस्को एलिझियम’मध्ये नुसतं उभं राहिलं तर काटा हलतच नाही, संवाद वाचला की वेळ जातो. 2022 च्या ‘पेंटिमेंट’मध्ये काळाचं माप म्हणजे जेवण. बव्हेरियातलं एक गाव, 1518 पासून पंचवीस वर्षांचा पट. कोणाच्या घरी जेवायला बसायचं ते निवडलं की दिवसाचा तो भाग संपतो. पुढच्या अंकात त्याच पंगतीतली पोरं मोठी झालेली असतात आणि काही जागा रिकाम्या.

मुख्य कथा घाईची आणि जग निवांत, हा दोष मात्र अजून सरसकट दिसतो. ‘आत्ताच्या आत्ता निघ, नाहीतर गाव जळेल’ असं पात्र ओरडतं आणि खेळणारा पुढचे पन्नास तास मासे धरतो. गाव काही जळत नाही. दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. एक तर खरंच मुदत ठेवा, ‘माजोराज मास्क’सारखी: 72 तास, नेहमीच्या वेगानं 54 मिनिटं, आणि डोक्यावर सतत जवळ येणारा चंद्र. नाहीतर ते वाक्यच बदला. ‘तयारी झाली की निघू’ असं म्हटल्यानं कथेचं काही बिघडत नाही.

आता इथलं. पुण्यात घडणारा गेम बनवायचा तर तयार इंजिनं (गेम बनवायची सॉफ्टवेअर) आणि विकतच्या साहित्यातले ऋतू बहुतेक युरोपातले असतात: लाल-पिवळा पानगळीचा शरद, मग बर्फ. पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर. सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि लहान अकरा तासांचा, त्यामुळे दिवसाच्या लांबीवरून इथे ऋतू ओळखू येत नाही. इथला ऋतू टेकड्यांवर दिसतो. पर्वती आणि वेताळ टेकडी श्रावणात हिरव्या, फेब्रुवारीपर्यंत करड्या. पानगळ थंडीच्या शेवटी, त्याच सुमारास काटेसावर फुलते, पुढे बहावा, मे महिन्यात गुलमोहर. चार ऋतूंच्या चार पोतांऐवजी गवताचा एक रंगपट्टा आणि तीन झाडांचा फुलोरा, एवढ्यात पुण्याचं वर्ष उभं राहतं.

चंद्राचं तर मराठी खेळाडूसमोर फारच जपून करावं लागतं. पुष्कळ गेममध्ये चंद्र सूर्याच्या बरोबर समोर बांधून टाकलेला असतो आणि कला नुसती चित्र बदलून दाखवतात. मग मध्यरात्री डोक्यावर चंद्रकोर येते, जे आकाशात कधीच होत नाही. गणेश चतुर्थीची कोर संध्याकाळी पश्चिमेला दिसते आणि रात्र फार चढायच्या आत मावळते. अनंत चतुर्दशीला जवळपास पूर्ण चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत पानं वाढायची थांबतात, हे घराघरात ठाऊक आहे. चंद्राचं वय हा एकच आकडा ठेवा, 0 ते 29.53 दिवस. कला त्यावरूनच काढा, आणि उगवण्याची वेळ रोज सरासरी 50 मिनिटं पुढे ढकला. कॅलेंडरची पाटी न दाखवता गणपतीचे दहा दिवस आकाशातच उलटलेले दिसतील.

वर्षांच्या उडीसाठी पुण्याकडे स्वतःची तारीख आहे: 12 जुलै 1961. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरलं. समजा गेम शनिवार पेठेतल्या एका वाड्यात आहे, अर्धा पुराआधी, अर्धा नंतर. दोन स्वतंत्र वाडे बांधू नका. सांगाडा एकच ठेवा आणि त्यावर बदलांचे थर चढवा. कोणता थर दाखवायचा ते सेव्हमधला एक आकडा ठरवेल. सागवानी खांब, तुळया, चौकातली फरशी जशीच्या तशी, कारण प्रत्यक्षातही लाकडी सांगाडे उभे राहिले आणि मातीच्या विटांच्या भिंती विरघळल्या. माजघराची एक भिंत काढून तिथून रस्ता दिसू द्या. उरलेल्या भिंतींवर पाण्याची रेघ सगळीकडे एकाच उंचीवर हवी. प्रत्येक खोलीसाठी ती वेगळी रंगवली की चुकते, म्हणून शेडरमध्ये (पृष्ठभागाचा रंग ठरवणाऱ्या छोट्या कोडमध्ये) जमिनीपासूनची उंची देऊन काढा. फडताळाचा खालचा कप्पा फुगून उघडत नाही, वरचा उघडतो आणि आतली बरणी जागच्या जागी असते.

सगळ्यात मोलाचा मात्र नळ. पहिल्या भागात रोज सकाळी तो सोडून घागर भरायचं काम खेळणाऱ्याला द्या, न चुकता. खडकवासला फुटल्यानं शहराचा पाणीपुरवठाच तुटला होता. दुसऱ्या भागात तो सवयीनं नळाशी जाईल, बटण दाबेल, चावी फिरेल आणि पाणी येणार नाही. तिथे संवाद घालू नका, संगीतही नको. घागर हातात तशीच राहू द्या आणि आडाचा रहाट नुकताच दुरुस्त केलेला दिसू द्या.

या उडीत नेहमी फसतात त्या जागा दोन. खेळणाऱ्यानं आधीच्या भागात जमिनीवर टाकलेल्या वस्तू नंतरच्या भागात पडलेल्या भिंतीच्या जागी हवेत तरंगतात. उडीच्या क्षणी सुट्या वस्तूंची यादी काढून त्या ‘वाहून गेल्या’ किंवा ‘कोपऱ्यात गाळात’ अशा दोन गटांत टाकाव्या लागतात. आणि खिशातल्या वस्तू. पुराआधी घेतलेला कंदील उडीनंतर झोळीत जसाच्या तसा निघाला, तर सगळी मेहनत वाया. एखादी वस्तू जाणीवपूर्वक राहू द्यावी, बाकीच्या काढून घ्याव्यात आणि काढल्याचं झोळी उघडताच दिसावं.

चाचणी सोपी आहे. गेम न खेळलेल्या माणसाला दोन्ही भागांतली एकाच खोलीची, एकाच कोनातून घेतलेली चित्रं अक्षरांशिवाय दाखवा आणि मधे काय झालं असेल ते विचारा. ‘ही दोन वेगळी घरं आहेत’ असं उत्तर आलं तर बदल जास्त झाले. खांब, दार आणि खिडकीतून दिसणारा कळस परत पहिल्यासारखे करा. काहीच फरक दिसला नाही, तर नवीन मॉडेल घालण्याआधी कोनाड्यातला दिवा काढून बघा.