एम१२७७ : २१४ कर्व्ह झाल्या, अवयव अजून नाही

दीड महिना काही लिहिलं नाही, एम१२७७ या संख्येचा अवयव सापडला असता तर त्याच रात्री लिहिलं असतं. पण २१४ कर्व्ह, म्हणजे अवयव शोधायचे २१४ वेगवेगळे प्रयत्न, पुऱ्या झाल्यात, तेवढी नोंद करून ठेवतो.

नवीन मंडळींसाठी : २ चा १२७७ वा घात, त्यातून १ वजा. ३८५ अंकी संख्या, सुरुवात २६ ने, शेवटचा अंक १. ती संयुक्त आहे यात काडीचीही शंका नाही, लुकास-लेहमर चाचणी लावा, ४ घ्या, वर्ग करून २ वजा करा, हेच १२७५ वेळा, दर वेळी आपल्या संख्येने भागून बाकी ठेवायची, शेवटी शून्य येत नाही, म्हणजे मूळ संख्या नाही, विषय संपला. कॉम्प्युटरला हे क्षणात जमतं. आणि तरी हिचा एकही अवयव आजवर कुणाला मिळालेला नाही! अशा मर्सेन संख्यांमधली (२ चा मूळ संख्येइतका घात, त्यातून १ वजा) ही सगळ्यात लहान. फुटते हे पक्कं ठाऊक, पण कुठे फुटते ते कळत नाही, यानेच मला धरून ठेवलंय. ६७ व्या घाताचंही असंच झालेलं, गणिती लुकासने १८७६ मध्ये ती संयुक्त ठरवली आणि अवयव गणिती कोलने दिले १९०३ मध्ये, १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७.

१०६१ व्या घाताची ३२० अंकी संख्या २०१२ मध्ये फोडली ती नंबर फील्ड सीव्ह या अवजड पद्धतीने, १२७७ साठी तो मार्ग घरच्या मशीनला झेपणारा नाही, म्हणून ईसीएम, म्हणजे एलिप्टिक कर्व्ह वापरून अवयव शोधायची पद्धत. बी१, म्हणजे प्रत्येक कर्व्हवर किती खोल शोधायचं ती मर्यादा, ८५ कोटी ठेवलाय, म्हणजे ६५ अंकी अवयवाच्या बेताचा, त्या पातळीला सुमारे ७० हजार कर्व्ह लागतात. दोन कोअर, फक्त रात्री, एका कर्व्हला तीन तास. प्रत्येक कर्व्ह म्हणजे नव्या जागी गळ टाकणं. कर्व्हचे दोन टप्पे असतात, स्टेज वन आणि स्टेज टू; स्टेज टूला रॅम खूप लागते, दोन्ही कोअर एकदम तिथे पोचले की मशीन गुदमरतं, म्हणून दुसरा आता तासभर उशिरा सुरू करतो.

इथे फोंड्यात जुलैभर पाऊस धो धो, एका रात्री अडीचला लाईट गेली आणि स्टेज वन जवळजवळ संपत आलेली कर्व्ह पाण्यात गेली, चेकपॉइंट, म्हणजे झालेलं काम अधूनमधून सेव्ह करणं, लावलाच नव्हता. आता लावलाय. तुम्हीही लावा, खरंच.

या महिन्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र कागदावरची. एम१२७७ चा कुठलाही मूळ अवयव २५५४क + १ असाच असणार (क म्हणजे कुठलीतरी पूर्ण संख्या), शिवाय ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७, म्हणजे क ला ४ ने भागून बाकी ० किंवा ३ उरली पाहिजे. मुलगी नववीत आहे, तिला म्हटलं बघ पहिले उमेदवार कोण ते. क ३ धरून आलेल्या ७६६३ वर ती बराच वेळ अडली, मग ओरडली, "बाबा, हा ७९ गुणिले ९७!" १०२१७ म्हणजे १७ गुणिले ६०१, १७८७९ म्हणजे १९ गुणिले ९४१, पुढच्या दोघांना ३ आणि ५ नेच भाग जातो, आणि मग ३०६४९, हा पहिला खरा मूळ. तो आपल्या संख्येला भागतो का हे बघायला १२७७ वा घात सरळ काढायचा नाही, दहा वेळा वर्ग, मधे गरज पडेल तिथे दुप्पट, दर वेळी बाकी. वहीची दोन पानं भरली, एकदा हातचा चुकला, परत केलं. बाकी १ यायला हवी होती, आली १२३८६. तिने खाली दोन रेघा मारल्या आणि पुढचा क लिहिला, १५.