वहीतला एक शब्द

मंगळवार, रात्री साडेदहा

लेक आत्ताच झोपली. तिच्या पाळणाघराची वही समोर उघडी आहे. इथे जपानमध्ये या वहीला 'रेनराकुचो' म्हणतात. सकाळी आम्ही ताप, जेवण, झोप लिहायची आणि संध्याकाळी सेन्सेईंनी, म्हणजे तिथल्या बाईंनी, दिवसभराचं. मार्चमध्ये टोकियोतल्या निशी-कासाईत राहायला आलो, एप्रिलपासून ही वही रोज येते-जाते.

पहिल्याच आठवड्यात तिच्याबद्दल 'ओतोनाशी' असं लिहून आलं होतं, तेव्हा मी हरखलेच. 'ओतोना' म्हणजे मोठं माणूस, त्यावरून आलेला शब्द. पोर शहाण्यासारखी वागते, असं आईला लगेच फोनवर सांगूनही टाकलं. मग एकदा खालच्या मजल्यावरच्या आजी त्यांच्या कुत्र्याला कुरवाळत तेच म्हणाल्या. भुंकत नाही, अंगावर येत नाही, ओतोनाशी आहे. मनाला लागलं ते. घरी हिचं तोंड क्षणभर मिटत नाही. सेन्सेईंनी तक्रार केली नव्हती, पण निव्वळ कौतुकही नव्हतं. आमची आजी म्हणायची ना, 'पोर गरीब आहे हो', त्यातला तो 'गरीब'. त्यात माया असते आणि थोडी काळजीही.

जूनमध्ये 'यासाशी' आला, मायाळू. रडणाऱ्या मुलाला हिने आपला रुमाल दिला होता. या शब्दाचं मूळ बारीक होणं, रोडावणं यात आहे. ८ व्या शतकातल्या 'मान्योशू' या काव्यसंग्रहात तो 'जगणं लाजिरवाणं, नकोसं वाटतं' अशा अर्थाने येतो. झुरण्यापासून मायेपर्यंत आलेला हा शब्द मला फार आवडतो.

आज मात्र लिहून आलंय, 'साबिशीसो देशिता'. साबिशी म्हणजे एकटं, उदास वाटणं. पण बोलताना दुसऱ्याबद्दल कुणी नुसतं 'ती साबिशी' म्हणत नाही. मनातलं ज्याचं त्यालाच ठाऊक, म्हणून शेवटी 'सो' जोडायचा, तशी दिसत होती. आपण मराठीत बेधडक म्हणतो, 'तिला करमत नाही.' शिकताना हा नियम मला निव्वळ व्याकरण वाटायचा. आज त्या 'सो'मध्ये सेन्सेईंचा अदब दिसला. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं होतं आणि ठरवून काहीच टाकलं नव्हतं.

झोपताना मी विचारलं, आज काय झालं गं? पांघरुणातूनच म्हणाली, "आई, दुपारी झोपताना मला साबिशी होतं." 'सो' न लावता.

उद्यासाठी वहीत उत्तर लिहिलंय. आधी मीही 'साबिशीसो' लिहिलं होतं, ते खोडलं. तिचा शब्द अवतरणचिन्हात ठेवला आणि पुढे लिहिलं, 'तो इत्ते इमाशिता'. असं म्हणत होती. खाली एक ओळ जोडली: दुपारी झोपवताना तिची गादी खिडकीपासची काढून तुमच्याजवळ घालता येईल का?