तुम्ही विचारलंत म्हणून : समाजात राहतोच की, मग शिकायचं काय?

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की आमच्या कॉलेजच्या खिडकीपाशी हा प्रश्न येतोच. यंदा एका वडिलांनी विचारला. टॉवेलच्या कारखान्यात कामाला, मुलीची कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेली. विषयांच्या यादीवर बोट ठेवून म्हणाले, "बाई, हे समाजशास्त्र कशाला? समाजात तर आम्ही राहतोच की. त्यात शिकायचं काय?" मागं रांग होती, माझ्या हातात शिक्का होता. "चांगला विषय आहे, घेऊ द्या तिला," एवढं म्हणून मी त्यांची बोळवण केली. प्रश्न मात्र घरापर्यंत माझ्याबरोबर आला. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून, आता जरा बसून सांगते.

आधी दोन गोष्टी उरकते. समाजशास्त्र म्हणजे समाजकार्य नव्हे. समाजकार्य करणारा वस्तीत जाऊन मदत उभी करतो. आमचा विद्यार्थी त्याच वस्तीत जाऊन आधी वहीत लिहितो की ही वस्ती इथंच का, आणि हीच माणसं तिच्यात का. दुसरं, नोकरी. हमी नाही. यूपीएससीला वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, सर्वेक्षणांची कामं मिळतात, शिक्षकी आहे. पण हमी कशाचीच नाही, बी.कॉम.ची तरी कुठं आहे?

आता मुद्द्याचं. पाठ्यपुस्तक ऑग्युस्त काँत या फ्रेंच माणसापासून सुरू होतं. त्यानं 1838 च्या सुमारास या विषयाला नाव दिलं वगैरे. पोरं तिथंच पेंगायला लागतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. मी सुरुवात हजेरीपटापासून करते. त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी महिनाअखेरीची हजेरी काढताना मला दिसलं की प्रथम वर्षातल्या सात-आठ मुली ठरावीक दिवसांनी, आणि सगळ्या एकदमच, गैरहजर असतात. चार दिवस हजर, मग एक दिवस खाडा. मी त्यांना उभं केलं आणि सगळ्या वर्गादेखत झापलं. "शिकायचं नसेल तर घरी बसा." त्यातली एक खाली बघत म्हणाली, "घरीच बसतो की बाई. पाण्याचा दिवस असतो त्या दिवशी."

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. भीमेवरचं उजनी धरण जिल्ह्यातच आहे, चांगल्या पावसाळ्यात ते काठोकाठ भरतंही, पण शहरात पाणी पाळीनं, काही दिवसांआड येतं. ते कधी पहाटे येतं, कधी भर दुपारी, कधी रात्री सगळे झोपल्यावर. त्या दिवशी घरातली बॅरलं, पिंपं, घागरी, बादल्या, झालंच तर कुकरसुद्धा भरून ठेवायचे. म्हणजे कुणीतरी घरी थांबायला हवं.

इथपर्यंत मलाही ते पाणीटंचाईचं प्रकरण वाटलं. मग सहज त्याच गल्लीतल्या मुलांची हजेरी काढून बघितली. त्या बोलक्या मुलीचा भाऊ आमच्याच कॉलेजात वाणिज्य शाखेला होता. त्याची हजेरी चोख. घर तेच, नळ तोच, बॅरलही तेच! खाड्यांचं कारण नुसती टंचाई असती तर दोघं आळीपाळीनं बुडवते. मी तिला विचारलं, भाऊ का नाही थांबत? तिनं जरा विचार करून सांगितलं, "त्याला जमत नाही. सांडतो तो." हा मुलगा रोज सकाळी तालमीत जाऊन वजनं उचलायचा.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट अशी की त्या घरात कुणीही वाईट नव्हतं. "तू मुलगी, तू थांब" असं बापानं बजावलेलं नव्हतं. आई तर मुलीनं शिकावं म्हणून विड्या वळत होती. ठरवलं कुणीच नव्हतं, आणि तरी दर पाळीला तेच ठरत होतं, एका घरात नव्हे तर सगळ्या गल्लीत. पाणी रोज का येत नाही, हे इंजिनिअरला विचारा, बजेटवाल्यांना विचारा. ते आलं की घरी कोण थांबतं, हा प्रश्न आमच्या विषयाचा. आणि तो समाजात नुसतं राहून दिसत नाही. मी जन्मापासून याच शहरात पाणी भरत आलेय, मला कुठं दिसला होता?

माझंच घर सांगते. आम्ही शहराच्या पूर्व भागातले, तेलंगणातून आलेल्या विणकरांपैकी. घरात तेलुगू, दारात मराठी. वडील गिरणीत होते. लहानपणी घरात घड्याळ नव्हतं, गिरणीचा भोंगा होता; पहिल्या भोंग्याला वडील उठायचे, दुसऱ्याला सायकल काढायचे. पुढं भोंगा थांबला. वडिलांनी दोन यंत्रमाग कारखान्यांत काम धरलं, सोडलं, नंतर घरीच बसायला लागले. आई विड्या वळायची. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, आणि हजाराचा हिशेब भरायचा. तपासणारा जितक्या विड्या नाकारेल तितक्या फुकट. त्या काळी आमच्यात मुलगी बघायला आलेले लोक हळूच विचारायचे, विडी वळता येते का? स्वयंपाकाच्या आधी. पुढचं घर कशावर चालणार आहे हे त्यांना ठाऊक होतं.

वडील मरेपर्यंत एकच म्हणत राहिले, "मीच कमी पडलो. शिकलो असतो तर." दारू नाही, भांडण नाही, नुसते गप्प. शेजारच्या घरातले काकाही गप्प. त्यांच्या पलीकडचेही. सगळी गल्ली आपापल्या ओट्यावर बसून एकट्यानं लाजत होती.

एम.ए.ला असताना मी पहिल्यांदा सी. राइट मिल्स वाचला. गिरणगावातल्या पोरीच्या नशिबी मिल्स नावाचा माणूस यावा, याचं मला अजून हसू येतं. हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवायचा. 1959 साली त्यानं जे मांडलं त्याचा आशय असा : लाखभर वस्तीच्या गावात एक माणूस बेकार असेल तर ती त्याची खासगी अडचण, त्याचा स्वभाव बघा, कसब बघा, पण पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर एकेकट्याचा स्वभाव तपासून उत्तर सापडणार नाही. तिथं कामाची रचनाच कोसळलेली असते. ग्रंथालयात हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढं न्यूयॉर्क आलं नाही, आमची गल्ली आली. जुनी यंत्रं, स्वस्त पडणारे यंत्रमाग, मालकांचे आणि बँकांचे हिशेब, यातलं काहीही माझ्या बापानं केलेलं नव्हतं. मी घरी जाऊन त्यांना सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असेल." त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. मला मात्र त्या दिवसापासून त्यांचा राग येईनासा झाला.

तुम्ही म्हणाल, हे सगळं दुःखाचंच शास्त्र दिसतंय. तसं नाही. माझा सगळ्यात आवडता तास नात्यांचा असतो, आणि तो शिकवावा तर सोलापुरातच. एका बाकावर मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी बोलणारी मुलं इथं सहज बसतात. मी नुसतं विचारते, "लग्न कुणाशी करता येतं आणि कुणाशी येत नाही?" पहिली पाच मिनिटं सगळ्यांना वाटतं, हा काय प्रश्न झाला, हे तर जगात सगळीकडं सारखंच. मग एखादी मराठी मुलगी म्हणते, मामाच्या मुलीशी चालतं, आत्याच्या मुलाशी चालतं, पण काकाच्या मुलाशी? शी! तो भाऊ. मागून एक मुसलमान मुलगा शांतपणे म्हणतो, आमच्यात चुलत बहीणभावांचं होऊ शकतं. वर्गात खसखस. मग माझ्यासारख्याच पूर्व भागातली एखादी धीर करून सांगते, "माझी आई माझ्या बाबांची सख्खी भाची." म्हणजे मामानं भाचीशी केलेलं लग्न. आता मराठी बाकांवर "अगंबाई!" आणि कानडी-तेलुगू बाकांवर त्यात काय एवढं, असे चेहरे. उत्तरेकडच्या बऱ्याच जातींमध्ये तर मामाची मुलगीसुद्धा बहीणच. तिथल्या आजीला आपलं ऐकून घाम फुटेल.

त्या पाऊण तासात प्रत्येकाला कळतं की आपल्याला जे पोटातून, रक्तातून किळसवाणं किंवा साहजिक वाटतं, ते पलीकडच्या पेठेत तसं नाही. इरावती कर्वे यांनी याच विषयावर भारतभर हिंडून काम केलं. त्यांचा नातेसंबंधांवरचा इंग्रजी ग्रंथ 1953 साली आला आणि त्यात उत्तर आणि दक्षिण अशा नात्यांच्या दोन तऱ्हा आणि मध्ये दोन्हीकडचं घेतलेला महाराष्ट्र असं चित्र आहे. मी वर्गात सांगते, बाईंना जे नकाशावर दिसलं ते तुमच्या चार बाकांवर बसलंय.

या तासानंतरचा तास मात्र कुणाला आवडत नाही. कुणीतरी म्हणतंच, "बाई, आता जातपात कोण मानतंय?" मी वाद घालत नाही. घरी जा, म्हणते, आणि आजोबांपासून तुमच्यापर्यंत तीन पिढ्यांतली सगळी लग्नं कागदावर मांडा, पुढं जात लिहा. कागद मला दाखवू नका, स्वतः बघा. दुसऱ्या दिवशी वर्ग जरा शांत असतो. मग मी फळ्यावर 9 मे 1916 ही तारीख लिहिते. त्या दिवशी पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठातल्या एका परिसंवादात निबंध वाचला. हो, तेच कोलंबिया, फक्त मिल्सच्या कितीतरी आधी. जात टिकते ती कशानं, तर जातीतल्या जातीत लग्न करण्यानं, हा त्यांचा मुद्दा. बालविवाह, विधवांवरची बंधनं, सती, या प्रथा त्यांनी याच एका धाग्याला बांधून दाखवल्या. हा निबंध आम्ही वाचतो आणि मुलं घरी जाताना रस्त्यावरच्या वधूवर मेळाव्याचे फलक बघतात. ते फलक कालही होते. त्याच चौकात, त्याच खांबावर.

एका मुलीनं मला एकदा सरळ सांगितलं, "बाई, तुमच्या विषयानं माझं सुख गेलं. आता लग्नात जेवायलाही बसले की मी कोण कुठं बसलंय ते बघते." मी तिला म्हटलं, वाढणारे कोण आहेत तेही बघ. हा थोडा दुष्टपणा झाला, कबूल आहे. पण ती पुढं एम.ए.ला आली.

मुंबई विद्यापीठात हा विषय 1919 पासून स्वतंत्र विभागात शिकवला जातो, म्हणजे शंभर वर्षं उलटून गेली. मालवणात जन्मलेले गो. स. घुर्ये तिथं अनेक वर्षं विभागप्रमुख होते, आणि त्यांच्या हाताखाली पुढं नावारूपाला आलेले कितीतरी जण शिकले. ही सगळी नावं परीक्षेला येतात, पाठ करावी लागतात. पण नवीन विद्यार्थ्यानं पहिल्या वर्षात खरी सवय लावून घ्यावी ती एकच. काही घडलं की "हा असाच आहे", "तिचं नशीबच तसं" असं म्हणण्याआधी शेजारची चार घरं बघून यायचं. चारही घरांत तेच दिसलं तर नशिबाला जरा वेळ बाजूला ठेवायचं. नाही दिसलं तर मग खुशाल माणसाचा स्वभाव काढा. आमचा विषय सगळ्याचं खापर समाजावर फोडतो असं जे म्हणतात, ते हा दुसरा अर्धा भाग विसरतात.

हजेरीपटाचं पुढं काय झालं, असं वर्गात कुणीतरी विचारतंच. पाणी रोज यायला लागलं नाही. मी फक्त चाचण्यांच्या तारखा त्या मुलींना विचारून ठेवायला लागले. भावानं एकदा बॅरल भरलं म्हणे, आणि खरंच सांडलं.

यंदाच्या नव्या वर्गाला परवा हीच गोष्ट सांगत होते. पहिल्या बाकावर त्या टॉवेल कारखान्यातल्या वडिलांची मुलगी बसली होती. गोष्ट संपल्यावर तिनं हात वर केला.

"बाई, तुमच्या घरी पाणी कोण भरतं?"

आमच्या सोसायटीत टाकी आहे, मोटर आहे, मी म्हणाले. वरचं पिण्याचं पाणी कामाच्या मावशी भरून ठेवतात.

"आणि मावशींच्या घरी?"

मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मावशींना विचारलं. त्यांची धाकटी भरते. आठवीत आहे.