व्हेडर पळत नाही

परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून जुन्या गेम्सची लिस्ट चाळत बसलो आणि माउस जाऊन थांबला तो स्टार वॉर्स: द फोर्स अनलीश्डवर. २००८चा गेम, पीसीवर वर्षभर उशिरा आला, २००९च्या शेवटी, अल्टिमेट सिथ एडिशन नावाने, माझ्याकडे तोच आहे. म्हटलं फक्त पहिली लेव्हल खेळू आणि झोपू, कारण पहिल्या लेव्हलमध्ये आपण दुसरंतिसरं कोणी नसून स्टार वॉर्सचा काळ्या चिलखतातला खलनायक, खुद्द डार्थ व्हेडर असतो. झोपलो साडेतीनला.

तर ज्यांनी खेळला नाहीये त्यांच्यासाठी. गेम सुरू होतो कशीक नावाच्या ग्रहावर, केसाळ उंचच्या उंच वूकी लोकांचं गाव, झाडांवर बांधलेली घरं, लाकडी पूल, आणि व्हेडर ज्या साम्राज्यासाठी लढतो त्याची फौज तिथे घुसलीये. व्हेडर आलाय एका लपलेल्या जेडायला शोधायला (जेडाय म्हणजे फोर्स नावाची अदृश्य शक्ती वापरणारे योद्धे, साम्राज्याचे शत्रू). चहूबाजूंनी नुसता गदारोळ, वूकी अंगावर धावून येताहेत, साम्राज्याचे सैनिक, म्हणजे स्टॉर्मट्रूपर, इकडून तिकडे पळताहेत, काहीतरी कुठेतरी फुटतंय, आणि या सगळ्यात आपला माणूस चालतोय. चालतोय म्हणजे अक्षरशः चालतोय, संध्याकाळी पाय मोकळे करायला निघाल्यासारखा. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा स्टिक पुढे दाबून दाबून अंगठा दुखला, मला वाटलं कंट्रोलर गेला की काय. मग कळलं की पळायची सोयच नाहीये.

आणि राव, दोन मिनिटांत ते इतकं बरोबर वाटायला लागतं. पळतं कोण? ज्याला उशीर झालाय तो, नाहीतर ज्याची फाटलीये तो. व्हेडरला दोन्हीपैकी काही लागू नाही. समोरून चार वूकी आले, एक हात वर केला, त्यातला एक हवेत, गळ्यापाशी हात नेऊन तडफडतोय, त्याला बाजूला दरीत सोडून दिला आणि चाल तीच. मागे त्याच्या मुखवट्यातला तो श्वासाचा आवाज चालूच, घर्र... घर्र... रात्री हेडफोन लावून खेळलं की स्वतःचा श्वासपण त्याच तालात चालायला लागतो, खोटं नाही सांगत.

बाकी गेम्समध्ये आपल्याला ताकद मिळते. इथे दरारा मिळतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक गेम बनवणाऱ्यांना हा फरक कळतच नाही असं माझं जुनं मत आहे. ताकद म्हणजे आकडा, डॅमेज वाढवा, हेल्थ वाढवा, झालं. दरारा हा समोरच्याच्या वागण्यात दिसावा लागतो.

आणि इथे तो दिसतो ते एका तांत्रिक भानगडीमुळे. या गेममध्ये माणसांच्या हालचालींसाठी युफोरिया नावाची सिस्टिम वापरली होती, म्हणजे उचललेला माणूस आधीच ठरवून ठेवलेलं ॲनिमेशन नुसतं वाजवत नाही, तो त्या क्षणी तोल सावरायला बघतो, हाताला लागेल ते पकडायला बघतो. ट्रूपरला फोर्सने उचला, तो जवळच्या रेलिंगला धरेल, पेटीला धरेल, आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेजारच्या सोबत्याला धरेल, मग एकाला उचलायला गेलात की दोघे लोंबकळत वर येतात. दुसरी सिस्टिम होती डिजिटल मॉलिक्युलर मॅटर, त्याने लाकूड लाकडासारखं चिरफाळतं, काच काचेसारखी फुटते, लोखंडी दार मधोमध चेपून आत वळतं. २००८च्या मानाने हे भयंकर होतं, आणि खरं सांगायचं तर आजही कित्येक नव्या गेम्समध्ये दार एकतर बंद असतं नाहीतर गायब होतं, मधलं काही नाहीच.

अजून एक गंमत. ते स्टॉर्मट्रूपर आपल्याच बाजूचे ना? एकदा मी वूकीला पकडायला गेलो आणि निशाणा चुकून (निशाण्याबद्दल पुढे बोलतोच) आपलाच एक ट्रूपर उचलला गेला, आणि घाबरून बटण सोडलं तर तो गेला पुलावरून खाली. मी वाट बघत बसलो की आता मिशन फेल येईल, स्क्रीन लाल होईल, कोणीतरी ओरडेल. काही नाही. कोणी चकार शब्द काढला नाही, बाकीचे लढत राहिले. गेमने मला शिक्षा केली नाही यातच गेमने मला सांगितलं की मी कोण आहे. पुढच्या वेळी चुकून नव्हता उचलला.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी खऱ्या आयुष्यात लिफ्टचं दार कोणीतरी लांबून येतंय म्हणून धरून ठेवणारा माणूस आहे. गेममध्येसुद्धा जिथे चांगलं-वाईट निवडायची सोय असते तिथे मी चांगलाच होतो. नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक हा दुसरा स्टार वॉर्स गेम तीनदा ठरवून सुरू केला की यावेळी डार्क साइड, म्हणजे वाईट बाजू, आणि तिन्ही वेळा पहिल्याच गरीब माणसाने मदत मागितली की पैसे देऊन मोकळा. आणि मी एकटा नाही. मास इफेक्ट या गेमवर काम केलेल्या एका माजी डिझायनरने २०२० मध्ये सांगितलं होतं की साधारण ९२ टक्के खेळाडू सज्जन पॅरागॉनच्या वाटेने गेले, तो तिकडे रेनिगेडसाठी, म्हणजे दांडगट वाटेसाठी, एवढी मेहनत घेतली म्हणून हळहळत होता बिचारा.

पण यात आमचाच दोष आहे असं मला वाटत नाही. त्या गेम्समध्ये वाईट होणं म्हणजे बहुतेकदा चिल्लरपणा असतो. म्हाताऱ्याकडून दहा क्रेडिट उकळा, कोणाला तरी उगाच टाकून बोला, बक्षीस दुप्पट मागा. हा खलनायक नाही हो, हा नाक्यावरचा गुंड आहे. ग्रह उडवायची ताकद अंगात असलेला माणूस दहा क्रेडिटसाठी कशाला घासाघीस करेल? व्हेडरच्या त्या लेव्हलमध्ये एकही संवाद-पर्याय नाही, कोणाशी काही वाटाघाटी नाहीत, त्याला कोणाकडून काही नकोच आहे, म्हणून तो पटतो आणि म्हणून माझ्यासारखा लिफ्ट धरणारासुद्धा अर्धा तास आरामात वाईट होऊ शकतो.

आता निशाणा. त्याच्यावर बोललंच पाहिजे कारण दराऱ्याची सगळी माती तिथे होते. तुम्ही झोकात हात पुढे करता, श्वास घर्र, समोर शत्रू, आणि हवेत उचललं जातं काय तर त्याच्या शेजारचं पिंप. परत सोडा, परत धरा, यावेळी दुसरं पिंप. आकाशगंगा ज्याला टरकते तो इसम एका पुलावर उभा राहून पिंपं वरखाली करतोय आणि वूकी त्याला बडवतोय. शिवाय लाइटसेबर, म्हणजे ती उजेडाची तलवार. जी गोष्ट सगळं कापते म्हणून प्रसिद्ध तीच इथे बॅटसारखी लागते, माणूस चारपाच फटके खातो आणि अखंड देहाने पडतो. २०१०च्या दुसऱ्या भागात ती कापायला लागली, पण त्या भागात बाकी सांगण्यासारखं फारसं नव्हतं, असो.

लेव्हलच्या शेवटी व्हेडर त्या जेडायला गाठतो, हरवतो, आणि मारायला सेबर उगारतो तर ती हातातून निसटून जाते. कोणीतरी ओढून घेतलीये. बघतो तर त्या जेडायचा छोटासा पोरगा. आणि मग तेवढ्यात आलेल्या स्वतःच्याच माणसांना व्हेडर तिथल्या तिथे संपवतो, असा पोरगा आहे हे कोणाला कळायला नको म्हणून. म्हणजे मी पुलावरून जो ट्रूपर टाकला त्यात मी कथेच्या बाहेर काही केलं नव्हतं.

तिथून पुढे आपण तो पोरगा, मोठा झालेला, स्टारकिलर, व्हेडरचा गुप्त चेला. सुरुवातीला जमतं बरं का. पहिली कामगिरी, जनरल राम कोटा नावाच्या जेडायला मारायचं, हुकूम असा की साक्षीदार एकही उरता कामा नये, आपल्या सैन्याचासुद्धा नाही. हो, त्याचं नाव राम आहे. मग आपण कोण हे वेगळं सांगायला नको.

पण स्टारकिलर पळतो. पळतो, उडी मारतो, हवेत परत उडी मारतो, वीज सोडतो, गरगर फिरतो. कागदावर बघितलं तर याच्याकडे पहिल्या लेव्हलच्या व्हेडरपेक्षा कितीतरी जास्त करामती आहेत, आणि तरी तो खलनायक वाटत नाही, सर्कशीतला वाटतो. कारण पुढे गेम नेहमीचं काम करतो, तुम्ही वाढलात म्हणून शत्रूही वाढवतो. फोर्सला दाद न देणारे पर्ज ट्रूपर येतात, लांबून कोणीतरी नेम धरून पाडतं, उठतोय तोवर परत पाडतं. एका मारामारीत सहा वेळा आपटणाऱ्याला कोण घाबरणार?

आणि मग ते विमान. विमान कसलं, स्टार डिस्ट्रॉयर, शहराएवढं जहाज, ते स्टारकिलर फोर्सने आकाशातून खाली ओढतो. जाहिरातीत हेच दाखवून गेम विकला होता. प्रत्यक्षात स्क्रीनवर बाण येतात, त्याप्रमाणे स्टिक वळवायच्या, बाण काय सांगतोय आणि गेमला काय हवंय याचा ताळमेळ नाही, जरा कुठे जहाज वाकडं होतंय तोवर टाय फायटर, म्हणजे साम्राज्याची छोटी लढाऊ विमानं, येतात अंगावर, त्यांना मारा, परत पहिल्यापासून स्टिक. मला तेव्हा अख्खी संध्याकाळ लागली होती. यावेळी चाळीस मिनिटं. जहाज पडलं तेव्हा मला जिंकल्यासारखं न वाटता बिल भरायची लांबलचक रांग संपल्यासारखं वाटलं.

शेवट सांगतोय, नको असेल तर हा परिच्छेद सोडा. शेवटी निवड येते, व्हेडरचा मालक जो सम्राट त्याच्याशी लढून मित्रांना वाचवायचं की व्हेडरला संपवायचं. मी अर्थात व्हेडर निवडला. त्याला मारला, आणि सम्राट म्हणतो आता कोटाला मार (तो त्या पहिल्या कामगिरीत मेला नव्हता), स्टारकिलर उलट सम्राटावरच हल्ला करतो आणि तो फसतो. (सम्राट आणि स्टारकिलर, दोघांचाही आवाज एकाच नटाचा, सॅम विटवरचा, हे कळल्यापासून तो सीन मला वेगळाच दिसतो.) चेंदामेंदा झालेल्या स्टारकिलरला चिलखतात शिवून परत उभं करतात आणि परत त्याच मालकाच्या दावणीला बांधतात. माझ्या एडिशनमध्ये याच वाटेवरच्या जास्तीच्या लेव्हल आहेत, टॅटुइन ग्रहावर चित्रपटांतल्या जेडाय ओबी-वानशी गाठ पडते, होथ ग्रहाच्या बर्फात चित्रपटांचा नायक ल्यूकशी. जबरदस्त कल्पना. पण तिथेसुद्धा पळतोच.

काल रात्री परत पहिली लेव्हल लावली. पुलापाशी पोचलो, एक ट्रूपर उचलला, त्याने रेलिंग घट्ट धरलं. मी बटण सोडलं नाही, ओढलंही नाही, तसाच धरून उभा राहिलो, बघू म्हटलं आधी कोण दमतंय.